‘जुना आहे, चालायचंच’: रेशमी स्कार्फच्या खरेदीत मला असं गंडवलं

जुन्या मालाच्या धंद्यात एक मोठी सोय असते. नव्या वस्तूत दोष निघाला तर दुकानदाराची पंचाईत होते. जुन्या वस्तूत दोष निघाला की तोच तिच्या वयाचा दाखला म्हणून पुढे करता येतो. लेबल नाही? मानेला टोचतं म्हणून पूर्वी बायका कापूनच टाकायच्या. किनार चपटी? वर्षानुवर्षं इस्त्री फिरली आहे. रंग विटलेला? ऊन लागलं असेल. यातलं प्रत्येक उत्तर एखाद्या अस्सल स्कार्फच्या बाबतीत खरं असू शकतं, आणि म्हणूनच ते खोट्या स्कार्फलाही खपून जातं. जुन्या वस्तू विकण्याच्या एका साइटवर मला गंडवणाऱ्या बाईनं याच सोयीवर सगळा डाव उभा केला होता.

पहिला स्कार्फ तिनं मला अगदी खरा दिला. व्हेरा न्यूमन या अमेरिकन डिझायनरचा, कोपऱ्यात ‘व्हेरा’ अशी सही आणि सहीशेजारी चिमुकला लेडीबग. व्हेराचे स्कार्फ अमाप निघाले, त्यामुळे ते स्वस्तात मिळतात आणि त्यांची नक्कल करण्यात कुणाला फारसा फायदा नसतो. स्कार्फ वेळेत आला, पातळ कागदात नीट गुंडाळलेला, सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीत आजीच्या कपाटाची हकिगत होती. ते आमिष होतं हे आता कळतं. मोठ्या सौद्याआधी एक छोटा, चोख सौदा करून विश्वास कमवायचा, ही या धंद्यातली रुळलेली रीत आहे. तेव्हा पहिला व्यवहार सरळ झाला म्हणून दुसऱ्याची हमी धरू नका.

मग आजीच्या त्याच कपाटातून एर्मेस या महागड्या फ्रेंच कंपनीचा ‘ब्रीद द गाला’ निघाला. घोड्याचे समारंभी लगाम आणि शिरोबंद यांची ही नक्षी ह्यूगो ग्रिगकारनं 1957 मध्ये काढली आणि एर्मेसच्या सर्वांत खपलेल्या नक्षींमध्ये ती मोडते. ‘1957चा मूळ स्कार्फ’ असं तिनं ठसवून लिहिलं होतं. इथे पहिली मेख आहे. 1957 हे नक्षीचं साल. हीच नक्षी पुढे अनेकदा, अनेक रंगांत पुन्हा छापली गेली. नक्षीचं साल छपाईचं म्हणून विकणं हा या बाजारातला सर्रास चालणारा खोटेपणा आहे. गुच्ची या इटालियन कंपनीच्या ‘फ्लोरा’ या फुलांच्या नक्षीचंही तेच: व्हित्तोरियो आक्कोर्नेरोनं ती 1966 मध्ये मोनॅकोची प्रिन्सेस ग्रेस केली हिच्यासाठी काढली, म्हणून मिळेल तो फ्लोरा 1966चा ठरत नाही.

फोटो मात्र देखणे होते. पुतळ्याच्या गळ्यात सैल गाठ मारून एक टोक खांद्यावर सोडलेलं. दुसऱ्या फोटोत राणी एलिझाबेथसारखा डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधलेला. तिसऱ्यात पर्सच्या मुठीला गुंडाळलेला. ते बघताना आपण रंग बघतो, स्वतःला त्या जागी बघतो. आता लक्षात घ्या, गाठ मारलेल्या स्कार्फमध्ये काय काय दिसत नाही. चारही कोपरे एकत्र दिसत नाहीत, मधला भाग दुमडीत जातो, किनार कशी वळली आहे ते ओळखू येत नाही आणि उलटी बाजू तर नाहीच. पुतळ्याच्या फोटोंबद्दल माझी तक्रार नाही. स्कार्फ कसा नेसवावा हे त्यातून कळतं. पण सपाट अंथरलेल्या स्कार्फचा एकही फोटो नसेल तर ती सजावट नाही, आडपडदा आहे.

सपाट फोटो मी मागितला. ‘रेशीम जुनं आहे, सारखी घडी मोडली तर विरेल,’ असं उत्तर आलं. पुन्हा वय! पैशांच्या वेळी तिनं विक्रीच्या साइटबाहेर, मित्र-नातेवाइकांना पाठवतात त्या पर्यायानं पैसे पाठवायला सांगितलं. साइटचं कमिशन वाचेल, ते दोघींत वाटून घेऊ, असं गोड बोलणं होतं. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं, कारण कागदोपत्री ती खरेदीच नसते.

स्कार्फ आला आणि गळ्यात घेतल्याबरोबर खटकला. एर्मेसचा 90 सेंटीमीटरचा चौकोन जाड रेशमी ट्विलचा, म्हणजे तिरक्या विणीच्या कापडाचा असतो. समोरासमोरचे दोन कोपरे मध्यावर आणून त्याची तिरकी पट्टी घडवली की तिला अंग येतं. गाठ मारली की टोकं मरगळून खाली न पडता जरा ताठ, फुलून राहतात. ट्विलच्या तिरक्या विणीमुळे कापड स्वतःलाच धरतं, म्हणून एकच सैल गाठही सहसा दिवसभर टिकते. माझ्याकडचा स्कार्फ पाण्यासारखा ओघळत होता. साधी गाठ मारावी तर ती आपोआप सुटे, घट्ट मारावी तर दोरीसारखी पिळवटलेली दिसे. कानामागून बांधला तर केसांवरून घसरे. अस्सल ट्विल एकदा जरी बांधलेलं असेल तर हा फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो.

मग तो टेबलावर पसरला. वजन भरलं 38 ग्रॅम. या मापाचा अस्सल स्कार्फ साधारण 60 ते 75 ग्रॅमच्या आसपास भरतो. वयानं रंग उडेल, किनार चेपेल, पण रेशीम वजनात निम्म्यावर येत नाही. किनार चारही बाजूंनी मशीननं मारलेली, टाके आखल्यासारखे समान. एर्मेसची किनार हातानं वळतात, छापाच्या सुलट बाजूकडे, आणि ती गुबगुबीत दोरीसारखी लागते; टाके जवळून पाहिले तर किंचित कमीजास्त अंतरावर. इस्त्रीनं ती चपटी होते हे खरंच, पण इस्त्रीनं हाताचे टाके मशीनचे होत नाहीत. उलट बाजू पांढुरकी होती. एर्मेसच्या, प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी वापरून केलेल्या छपाईत शाई रेशमात मुरते आणि उलट बाजूही जवळजवळ तितकीच रंगीत दिसते.

सगळ्यात गंमत लेबलची. हो, लेबल होतं, आणि बहुधा अस्सलपणाचा पुरावा म्हणूनच लावलेलं. ‘100 टक्के रेशीम’ आणि त्याखाली धुलाई-इस्त्रीची चिन्हं: पाण्याचं टब, त्रिकोण, इस्त्री, वर्तुळ. ही चिन्हं जिनं रुजवली ती जिनेटेक्स ही संघटना पॅरिसमध्ये 1963 साली स्थापन झाली. म्हणजे 1957 साली विकल्या गेलेल्या स्कार्फवर हे लेबल कुठून येणार? वर एर्मेसच्या नावातल्या दुसऱ्या ‘ई’वरची तिरकी खूणही नव्हती. किनारीचा एक धागा ओढून जाळला. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख चिमटीत भुगा होते. इथे धागा वितळून कडक काळा मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. (हे उलटीकडून लावू नका: धागा रेशमाचा निघाला म्हणून स्कार्फ एर्मेसचा ठरत नाही. रेशमी नकलाही भरपूर आहेत.)

मी तिला एकेक मुद्दा लिहून पाठवला. लेबलबद्दल उत्तर आलं, ‘मूळ लेबल जीर्ण झालं होतं, आजीनं नंतर दुसरं लावून घेतलं.’ किनारीबद्दल, ‘ती उसवली म्हणून आजीनं पुन्हा शिवून घेतली.’ आजी फार कामसू होती म्हणायची! वजनाचा आणि जळलेल्या धाग्याचा विषय काढल्यावर आजी संपली आणि अर्धे पैसे परत देण्याची तयारी आली, अट एकच: वाईट अभिप्राय लिहायचा नाही. मी नकार दिला तसं खातंच बंद झालं. साइटनं हात वर केले, कारण पैसे त्यांच्यामार्फत गेले नव्हते. पैसे पाठवणाऱ्या सेवेनंही तेच सांगितलं. तेच फोटो नेटवर आणखी कुठे आहेत याचा इमेज सर्चनं शोध घेतला तेव्हा ते तिन्ही फोटो एका जुन्या लिलावाच्या यादीतले निघाले. ज्या अस्सल स्कार्फचे ते फोटो, तो तिनं कधी हातातही धरला नसेल.

आता कुणाकडूनही घेण्याआधी मी चार फोटो मागते: पूर्ण अंथरलेली सुलट बाजू, तशीच उलट बाजू, एका कोपऱ्याची किनार अगदी जवळून, आणि स्कार्फ वजनकाट्यावर. काटा बहुतेक घरांत असतो आणि फोटोला दोन मिनिटं लागतात. या मागणीवर ‘जुना आहे’ हे उत्तर लागूच पडत नाही. एक वाढीव प्रश्न मापाचा. चारही बाजू मोजून मागा. कारण नकलेहून चलाख प्रकार म्हणजे कापलेला अस्सल स्कार्फ: कडेला डाग किंवा भोक पडलं की तेवढी पट्टी कापून नवी किनार वळतात. रेशीम खरं, छपाई खरी, सहीही खरी. पण माप 90च्या जागी 84-85 भरतं आणि नक्षीची चौकट एका बाजूला अरुंद दिसते. हातात घ्यायला, बांधायला तो छानच असतो, मीही घेईन, फक्त कापलेल्याच्या भावात.

माझ्याकडच्या नकलेवर पक्क्या शाईनं, लेबलवर आणि चारही कोपऱ्यांत, ‘नक्कल’ लिहून ठेवलं आहे. फेकला असता तर कुणीतरी उचलून पुन्हा त्याच फोटोंसकट विकला असता.