अकॅडेमिक फ्रेजबँक: कला-डिझाइनच्या विद्यार्थ्यांना कुठवर पुरते?

ब्रिटनमध्ये कला किंवा डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला गेलेल्या आपल्या मुलांच्या हाती अकॅडेमिक फ्रेजबँकची लिंक आज ना उद्या पडतेच. मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन मॉर्ली यांनी उभं केलेलं हे संकेतस्थळ मोफत आहे आणि लॉगिनही लागत नाही. निबंध-प्रबंधात लागणारी तयार वाक्यं तिथे कामाप्रमाणे लावलेली आहेत: विषयाची ओळख, संदर्भांचा उल्लेख, पद्धत, निष्कर्ष, चर्चा, समारोप. शिवाय तुलना करणं, व्याख्या देणं, कारण सांगणं, जपून विधान करणं अशी पानं वेगळी. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचा विचार त्यात मुळापासून आहे. लिखित निबंधासाठी आम्ही ते जरूर वापरायला सांगू. पण डिझाइनच्या लेखनाचा निम्मा भाग त्यात नाही, आणि तो कुठला हे माहीत नसेल तर गुण जातात.

सगळ्यात उपयोगी पान ‘बीइंग कॉशस’, म्हणजे जपून विधान करण्याचं. आपल्याकडे परीक्षेत ठाम विधानाला गुण मिळतात, तिथे त्याच विधानावर शिक्षक ‘कशावरून?’ असं समासात लिहितात. हॅरी बेकचा लंडन अंडरग्राउंडचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, नकाशा घ्या, 1933 साली प्रवाशांच्या हाती आलेला. ‘या नकाशाने लोकांची लंडनकडे बघण्याची दृष्टी बदलली’ हे सिद्ध करायला पुरावा हवा. ‘इट कुड बी आर्ग्यूड दॅट’ (असं म्हणता येईल की) लावलं की तेच विधान वाद घालण्याजोगं मत होतं, आणि पुढच्या वाक्यात आधार देणं भाग पडतं. फायदा खरा इथे आहे.

घोळ होतो तो याच वाक्प्रचारांचा मारा केल्यावर. ‘मे’, ‘पॉसिबली’ आणि ‘सजेस्ट्स’ एकाच वाक्यात आले की विधान उरतच नाही. त्याहून वाईट म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीबद्दल जपून बोलणं. बेकच्या नकाशातल्या रेषा आडव्या, उभ्या किंवा 45 अंशांत आहेत. तिथे ‘सीम टु बी’ लिहिलं तर चित्र नीट पाहिलेलंच नाही असं वाचणाऱ्याला वाटतं. दिसतं ते ठामपणे लिहायचं, त्याचा अर्थ लावताना जपायचं.

‘बीइंग क्रिटिकल’ हे चिकित्सेचं पान मात्र सांभाळून वापरावं. तिथली वाक्यं बहुतेक ‘स्टडी’भोवती फिरतात: अभ्यासाने अमुक विचारात घेतलं नाही, नमुना लहान होता. समीक्षकाचा लेख किंवा प्रदर्शनाच्या कॅटलॉगमधला निबंध तपासताना ती चपखल बसतात. पण ‘स्टडी’ काढून ‘पोस्टर’ घातलं की वाक्य कोसळतं, कारण पोस्टर गृहीतक मांडत नाही आणि नमुनाही घेत नाही. यामागचं कारण साधं आहे. फ्रेजबँकचा मूळ साठा मँचेस्टरमधल्या 100 पदव्युत्तर प्रबंधांतून वेचलेला आहे. नंतर त्यात इतर विषयांतली भर पडली, तरी पद्धत-निष्कर्ष-चर्चा हा साचा कायम राहिला. स्टुडिओतून निघालेल्या कामाला ‘रिझल्ट्स’चं प्रकरण नसतं.

मग वस्तूचं वर्णन कुठून आणायचं? ते शब्द स्वतःच जमवावे लागतात. लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयाच्या ऑनलाइन वस्तुनोंदी आणि टेट या ब्रिटिश कलासंग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा कला-संज्ञांचा कोश या दोन्ही जागा मोफत आहेत. वाचताना नुसती क्रियापदं उतरवू नका, क्रियापदाबरोबरचं शब्दयोगी अव्यय आणि अख्खं वाक्यही उतरवा. आपली चूक नेमकी तिथेच होते: ‘डिस्कसेस अबाउट’, ‘कम्प्राइझेस ऑफ’. अशा वहीत ‘ड्रॉज द आय टु’, ‘इज ऑफसेट बाय’, ‘रिसीड्स इनटु’ यांसारखी तीस-चाळीस वाक्यं साठली की दृश्य विश्लेषणाचा परिच्छेद अडत नाही. काळाचंही भान ठेवा. कर्त्याने केलेलं भूतकाळात, कलाकृतीत दिसतं ते वर्तमानकाळात: बेकने नकाशा ‘ड्रू’, पण तो नकाशा थेम्स नदी सोडून जमिनीवरचं जवळपास सगळं ‘ओमिट्स’.

दुसरी मोठी उणीव प्रक्रियेच्या लेखनात जाणवते. फ्रेजबँकचा सूर बहुतांशी व्यक्तिनिरपेक्ष आहे आणि निबंधात तो शोभतो. प्रोजेक्टच्या नोंदवहीत ‘इट वॉज डिसायडेड दॅट’ लिहिलं की निर्णय कुणी आणि का घेतला हेच झाकलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्समध्ये मूल्यमापनाचे पाच निकष आहेत: शोध, ज्ञान, प्रक्रिया, संवाद आणि प्रत्यक्षात उतरवणं. भाषेची सफाई मुख्यतः एकाच खान्यात बसते. प्रक्रियेचे गुण मिळवायला ‘मी’ लागतोच: स्क्रीन प्रिंटिंग करताना मी कापडासाठीची 43टी जाळी (सेंटीमीटरला 43 धागे) कागदावर वापरली, शाई जाड बसून बारीक रेषा भरल्या, म्हणून मी जास्त बारीक 90टी घेतली. इतकं नेमकं वाक्य कुठल्याही वाक्यसाठ्यात तयार मिळणार नाही.

वापरायची रीत अशी ठेवा. आधी परिच्छेद मोडक्या इंग्रजीत, हवं तर मराठीत लिहून काढा. मग प्रत्येक वाक्याचं काम ओळखा: हे उदाहरण आहे, तुलना आहे, की आक्षेप? त्या कामाच्या पानावरून एकच वाक्प्रचार घ्या, नामं बदला, मोठ्याने वाचा. परिच्छेदात दोनपेक्षा जास्त नकोत. उलट्या क्रमाने, म्हणजे वाक्प्रचार आधी निवडून त्यात मजकूर भरणाऱ्यांचे निबंध गुळगुळीत होतात आणि आत मुद्दा सापडत नाही.

लिखाणातलं साम्य शोधणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरची भीती बाळगू नका. असे सर्वसाधारण वाक्प्रचार अहवालात रंगीत दिसू शकतात, पण साम्याचा आकडा म्हणजे वाङ्मयचौर्याचा निकाल नव्हे. शिक्षक रंगवलेला मजकूर उघडून पाहतात. दुसऱ्याचा विचार संदर्भाशिवाय उचलला असेल तर मात्र फ्रेजबँकचं आवरण वाचवणार नाही.

फ्रेजबँकच्या संकेतस्थळावर ‘यूझिंग आर्टिकल्स’ (‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ कसे वापरायचे) नावाचं एक पान आहे, ते सहसा कुणी उघडत नाही. मराठी मुलांनी ते सर्वांत आधी वाचावं. पहिल्यांदा ‘अ डायग्राम’, त्यानंतर ‘द डायग्राम’ एवढं सांभाळलं तरी मजकूर पुष्कळ सुधारतो.

संकेतस्थळ तुमचं लिखाण तपासत नाही. त्यासाठी विद्यापीठाची भाषा-मदत गाठा. वर उल्लेखलेल्या लंडनच्या विद्यापीठात ती इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांना मोफत आहे, इतर ठिकाणीही अशी सोय बहुधा असते. तिथे प्रूफ तपासून मिळत नाही, त्यामुळे अख्खा प्रबंध घेऊन जाऊ नका. एक परिच्छेद, प्रोजेक्टचं ब्रीफ आणि एक नेमका प्रश्न न्या, आणि वेळ सबमिशनच्या आठवड्यातली न घेता निदान दोन आठवडे आधीची घ्या.