आरव्ही-9ए चा रिव्ह्यू, फक्त खर्चाच्या अंगानं

आरव्ही-9ए बद्दल नेटवर जे सापडतं ते सगळं किती पळतं, किती चढतं, किती अलगद उतरतं असलंच असतं, आणि ते खरंय बरं का, दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं ॲल्युमिनियमचं विमान, तासाला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर आरामात, स्वभावानं एकदम गरीब. त्याला पाच स्टार देऊन टाकले. पण गावाकडं भाचेमंडळी विचारायलेत ते वेगळंच, "मामा, पळू द्या हो, महिन्याला खातंय किती ते सांगा." तर हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच.

मी ह्यूस्टनला नोकरीत असताना चौघांत मिळून सेकंडहँड घेतलं होतं. मी लातूरचा, एक अंबाजोगाईचा, बाकी दोघं तिकडचेच. किट, म्हणजे घरी जोडायचे विमानाचे सुटे भाग, व्हॅन्स एअरक्राफ्टचं, ही ओरेगॉनमधली 1973 पासूनची कंपनी, त्यांच्या किटवरून लोकांनी घरी बांधलेली अकरा हजारांच्या वर विमानं आजवर उडालीत. आमचं एका रिटायर्ड माणसानं गॅरेजमध्ये बांधलेलं, रिव्हेट असे ओळीत की बघत बसावं. 2023 च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली होती, त्यातून सावरली पण किटचे भाव चढले, आणि किट महागलं की तयार विमानंही महागतात हे ओघानं आलंच. संभाजीनगरला परत यायचं ठरल्यावर मी माझा हिस्सा विकला, त्यामुळं आता काही लपवायचं कारण नाही.

पहिली गोष्ट म्हणजे उभं राहिल्याचा खर्च. बैल कामाला जुंपा नाहीतर दावणीला बांधून ठेवा, वैरण लागतीच, तसंच हे. हँगरचं भाडं महिन्याला साडेतीनशे डॉलरच्या आसपास, म्हणजे वर्षाचे 4,200. बाहेर उघड्यावर दोरीनं बांधून ठेवलं तर बरंच स्वस्त, पण ह्यूस्टनच्या दमट हवेत ॲल्युमिनियमला गंज लागतो आणि गारपीट झाली तर पंखावर नुसते खड्डे, म्हणून तो मोह आम्ही टाळला. इन्शुरन्स 1,800 च्या घरात. तिकडं केंद्राच्या कायद्यानं इन्शुरन्सची सक्ती नाही पण हँगरवाला कागद बघितल्याशिवाय चावी देत नाही, आणि प्रीमियम ठरतो तो विमानावर कमी अन् पायलटवर जास्त, त्याच जातीच्या विमानावर तुमचे तास कमी असले की आकडा लगेच फुगतो. वर्षाची कंडिशन इन्स्पेक्शन, म्हणजे विमान उडण्यालायक आहे का याची तपासणी, 1,200. शिवाय दर 24 महिन्यांनी ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) टेस्ट, जीपीएसचा डेटाबेस, ईएलटीची (विमान पडलं तर ठिकाण कळवणारं यंत्र) बॅटरी, बारीकसारीक मिळून हजार धरा. बेरीज 8,200 डॉलर, आणि विमान अजून हँगरच्या दाराबाहेर आलेलं नाही.

आता उडवायचा खर्च. आमचं इंजिन लायकमिंग ओ-320, 160 हॉर्सपॉवरचं, तासाला साडेसात गॅलन पितं. गॅलनला सहा डॉलर धरले तर 45. ऑइल, टायर, प्लग यांचे 5. आणि इंजिनच्या ओव्हरहॉलसाठी, म्हणजे सगळं खोलून नव्यासारखं करण्यासाठी, दर तासाला 15 बाजूला टाकायचे, कारण इंजिनच्या कंपनीनं त्याला 2,000 तास सांगितलेत आणि आजच्या भावात ओव्हरहॉल म्हणजे 30 हजार डॉलरला हात घातलाच म्हणून समजा. झाले 65.

म्हणजे चौघांनी मिळून वर्षाला 100 तास उडवलं तर उभ्याचे 82 आणि उडायचे 65, तासाला 147. दोनशे तास उडवलं तर 106. आणि चाळीसच तास झाले तर 270, त्यापेक्षा फ्लाइंग क्लबमधली सेसना 172, म्हणजे फॅक्टरीत बनलेलं नेहमीचं छोटं विमान, भाड्यानं घेतली असती तर तासाला 165 ला पडली असती आणि टायर बसला तर क्लबवाल्याचा बसला असता. आमच्या आकड्यांनी काठावरची बरोबरी 82 तासांना होते. त्याखाली उडवणाऱ्यानं विमान घेऊच नये, शौक म्हणून घेतलं तर गोष्ट वेगळी, मग हिशोब कशाला मांडायचा. अजून एक, विमानात अडकलेले 90 हजार डॉलर बँकेत असते तर वर्षाला चार हजार तरी व्याज आलं असतं, हे कुणी धरतच नाही. ते धरलं तर 100 तासांवर अजून 40 चढतात आणि सगळी स्वस्ताई गेली.

मग होमबिल्ट स्वस्त म्हणतात ते कशावरून? तर हातावरून. फॅक्टरीच्या सेसनाला तुम्ही ऑइल बदलू शकता, टायर बदलू शकता, अशी छोट्या कामांची एक यादी आहे, त्यापुढं लायसनवाला मेकॅनिक लागतो. घरी बांधलेल्या एक्सपेरिमेंटल विमानावर मात्र मालकच काय, कुणीही काम करू शकतो, फक्त वर्षाच्या इन्स्पेक्शनची सही आमच्या वेळी ए-अँड-पी, म्हणजे लायसनवाल्या मेकॅनिकची लागायची नाहीतर मूळ बांधणाऱ्याची, त्याच्याकडं स्वतः बांधलेलं विमान तपासायचं रिपेअरमन सर्टिफिकेट असलं तर. ते सर्टिफिकेट विमानासोबत विकत मिळत नाही हे सेकंडहँड घेणाऱ्यानं डोक्यात पक्कं ठेवावं. इन्स्पेक्शनचे ते 1,200 डॉलर ए-अँड-पीच्या सहीचेच.

आमच्यात अंबाजोगाईचा गडी हाताचा पक्का, त्याच्या घरी पिठाची गिरणी होती, लहानपणापासून पाना हातात. दर 50 तासांनी ऑइल आणि फिल्टर तोच बदलायचा, आणि जुना फिल्टर कधी तसाच फेकू द्यायचा नाही. कटरनं डबा गोल कापायचा, आतला घडीचा कागद ब्लेडनं सुटा करायचा, पिळून ऑइल काढायचं आणि उन्हात पसरून हळूहळू तिरपा करत बघायचा. काळं दिसतं तो कार्बन, त्याचं काही नाही. चमकलं की लोहचुंबक लावायचा, चिकटलं तर पोलाद, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅम नाहीतर टॅपेटकडं संशय, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम वगैरे, मग पिस्टनकडं बघा. आणि जी इंजिनं उडत नाहीत त्यांचाच कॅम आधी गंजतो, म्हणजे पैसे वाचवायला कमी उडवलं की इंजिन महागात जातं, ही गंमत बघा. असली कामं बाहेर दिली तर तासाला शंभरच्या वर मजुरी. रेडिओचं काम आम्ही एका दुकानात दिलं होतं, नाव घेत नाही, त्यानं तीन आठवडे विमान अडकवून ठेवलं आणि बिलात "बिघाड शोधण्याचे" तास लावले, बिघाड निघाला हेडफोनच्या सॉकेटमध्ये. तिथून पुढं वायरिंगचं सगळं आम्हीच बघितलं.

आता भाचा म्हणतो वाळूजमध्ये शेड आहे, लेथ आहे, इथंच बांधू की. बांध बाबा. पण कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण डोळ्यासमोर ठेव, कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, 2016 ला मेक इन इंडियात मांडलं, नोंदणी मिळाली 2017 ला आणि उडवायचा परवाना 2019 ला. ही वर्षंही खर्चातच येतात, शेडचं भाडं काही कागद हलायची वाट बघत थांबत नाही. पेट्रोलचंही बघून घे. लायकमिंगला लागतं ते विमानाचं पेट्रोल म्हणजे अ‍ॅव्हगॅस, इंडियन ऑइल 2022 पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतंय, आधी तर बाहेरूनच यायचं, पण ते मराठवाड्यापर्यंत आणायचं म्हणजे वाहतूक आपल्या अंगावर. म्हणून हलक्या विमानाला रोटॅक्स 912 हे छोटं इंजिन लावून पंपावरचं पेट्रोल टाकू म्हणशील, तर रोटॅक्सची परवानगी 10 टक्के इथेनॉलपर्यंतच आणि आपल्या पंपावर आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं. शिवाय रोटॅक्सचे रबरी पाइप, डायफ्राम वगैरे दर पाच वर्षांनी बदलायचेच, उडो न उडो. लातूरला, नांदेडला धावपट्टी आहे, पण नुसत्या धावपट्टीनं भागत नाही, हँगर, इंधन आणि सही करणारा माणूस असे तिन्ही एका जागी लागतात.

विमानाला पाच, खर्चाला तीन. एकट्यानं घेणार असाल तर दोनच. घ्यायचंच असलं तर चौघांत घ्या, आणि करार लिहून घ्या, त्यात इंजिनच्या फंडाचे 15 डॉलर दर तासाला वेगळ्या खात्यात गेलेच पाहिजेत, आणि सोडून जाणाऱ्याला तो फंड परत मिळणार की नाही, हे आधीच ठरलेलं असावं. आमच्यात मिळणार नाही असं ठरलं होतं, त्यामुळं मला फक्त हिस्स्याचे पैसे आले, फंड विमानापाशीच राहिला, आणि नवीन हिस्सेदारानं भाव करताना तोही मोजून घेतला.