गेटवेची लाँच, भाऊच्या धक्क्याची रो-रो की कोचीची वॉटर मेट्रो? नागपूरकरांसाठी बंदरफेरीचा हिशेब

सुट्ट्यांचं रिझर्व्हेशन सुरू झालं की आमच्या कॉलनीत एक प्रश्न हमखास फिरतो: पोरांना समुद्रात बोटीत बसवायचं आहे, मुंबई करू की एकदमच केरळ? फुटाळ्यावर कणीस खाऊन झालेलं असतं, खिंडसीला मोटरबोटीची चक्कर मारून झालेली असते. आता मोठी जहाजं, क्रेन, जुने धक्के, असं खरंखुरं बंदर बघायचं असतं. गाडीचं म्हणाल तर दोन्हीकडे थेट आहे. विदर्भ किंवा दुरांतोत रात्री बसलात की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून गेटवे टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. कोचीसाठी दिल्लीहून येणारी केरळ एक्सप्रेस नागपूरवरूनच जाते, पण दीड दिवस धरून चाला.

माझं मत आधीच सांगतो. बंदर म्हणून कोची जास्त छान दाखवलं जातं, पण नुसतं तेवढ्यासाठी दीड दिवसाचा प्रवास करू नका. मुंबईला जाणार असाल तर गेटवेवरून निघून गेटवेवरच परत आणून सोडणाऱ्या फेरीचा नाद सोडा आणि कुठेतरी नेऊन उतरवणारी बोट धरा. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर भाऊचा धक्का गाठा, हेही लगेच सांगून ठेवतो.

गेटवेवरचे दोन प्रकार

गेटवेच्या मागच्या पायऱ्यांवर उतरलं की दोन प्रकारच्या बोटींसाठी हाका ऐकू येतात. एक छोटी बंदरफेरी: अर्धा तास, ताज आणि गेटवेसमोरून बाहेर, थोडं वळण, परत. दुसरी एलिफंटाची, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या बेटाची, जिला एका बाजूने साधारण तासभर लागतो.

छोट्या फेरीत मिळतो तो एक फोटो. पिवळसर बेसॉल्टची कमान, मागे 1903 चं ताज हॉटेल, दोन्ही एका चौकटीत, आणि तेही समुद्राकडून. 1911 मध्ये राजे पाचवे जॉर्ज इथे उतरले, कमान बांधून पूर्ण झाली 1924 मध्ये, आणि फेब्रुवारी 1948 मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण इथूनच बाहेर पडली. ही वास्तू पाण्याकडून येणाऱ्या-जाणाऱ्यासाठीच उभी केलेली आहे, त्यामुळे पाण्यावरून ती शोभते हे खरं. पण दहा मिनिटांत फोटो होतो आणि उरलेली वीस मिनिटं बोट डिझेलच्या वासात डुलत असते. पोट्टे विचारतात, ‘‘बाबा, आता कुठं जायचं?’’ उत्तर नसतं.

एलिफंटाच्या बोटीत तोच फोटो मिळतो आणि शिवाय बंदर मिळतं. गेटवेहून निघताना डाव्या हाताला नौदलाची गोदी लागते, राखाडी युद्धनौका उभ्या असतात. (तिकडे मोबाइल रोखू नका, कुणी ओरडायच्या आधी आपणच शहाणं व्हावं.) पुढे नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजं, तेलाची जहाजं रिकामी होतात ते जवाहर द्वीप, आणि हिवाळ्यात बोटीच्या मागे लागणारे पांढरे कुरव (सीगल). पोरांना लेण्यांपेक्षा कुरवच जास्त आठवतात, हे मान्य करूनच निघा. वरच्या डेकवर बसायला थोडे वेगळे पैसे घेतात. सकाळी ते द्यावेत, दुपारी उन्हात खालीच बरं.

चढण्या-उतरण्याबद्दल मात्र जाहिरातीत कुणी लिहीत नाही. गेटवेच्या पायऱ्या दगडी आहेत, ओहोटीला खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. गर्दीच्या दिवशी लाँच एकीला एक चिकटून उभ्या असतात. म्हणजे पहिल्या बोटीत पाय टाकायचा, ती ओलांडायची, मग दुसरीच्या काठावर. दोन्ही बोटी आपापल्या लयीत वरखाली होत असतात. खलाशी दंडाला धरतो आणि ‘‘आता’’ म्हणतो, त्या क्षणाला पाय उचलावा लागतो. साडी नेसलेल्या आजींना हे जमतं, पण नंतर तासभर त्या बोलत नाहीत.

बेटावर उतरल्यावर धक्क्यावरून छोटी आगगाडी आहे, तिची पोरांना कोण मजा. मग लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्हीकडे दुकानं, वर माकडं. पैसे मोजून डोलीतूनही जाता येतं. भारतीयांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना नाही. आत सुमारे वीस फुटांचा तीन मुखांचा सदाशिव आहे. 1987 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे आणि त्या मूर्तीसमोर उभं राहिल्यावर बोटीचे सगळे हाल माफ होतात. बेटावरच्या गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती 2018 मध्ये. समोर मुंबईचा लखलखाट बघत इतकी वर्षं ही माणसं जनरेटरवर होती. लेणी सोमवारी बंद असतात. विदर्भ एक्सप्रेसने सोमवारी सकाळी उतरणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

परतीसकट माणशी अडीच-तीनशे, त्यावर लेण्यांचं तिकीट आणि आगगाडी. चौघांचं कुटुंब दीड हजारात बसतं, पण जवळजवळ पूर्ण दिवस जातो.

भाऊच्या धक्क्याची रो-रो

हिची माहिती नागपूरकडे फारशी नाही, आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. हार्बर लाइनचं डॉकयार्ड रोड स्टेशन त्यातल्या त्यात जवळ, सीएसएमटीहून टॅक्सी केली तर आणखी सोपं. ज्या भाऊंच्या नावाने हा धक्का ओळखला जातो ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, एकोणिसाव्या शतकात मुंबईत धक्का बांधणारा माणूस. कोकणात जाणाऱ्या आगबोटी इथूनच सुटायच्या. मधल्या काळात इथे मुख्यतः मासळीचा कारभार उरला होता. 1989 मध्ये पलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, मालाची मोठी वाहतूक तिकडे सरकत गेली आणि जुन्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाशांसाठी काहीतरी करायला जागा निघाली. 2020 मध्ये इथून अलिबागजवळच्या मांडव्यापर्यंत रो-रो सुरू झाली. बॅलार्ड पिअरला 2025 मध्ये क्रूझचं नवं टर्मिनल झालं, तेही याच ओळीतलं.

रो-रो म्हणजे आपली गाडी चालवत थेट जहाजाच्या पोटात नेता येते. समृद्धीने स्वतःची कार घेऊन गेलेल्यांना हा प्रकार बेहद्द आवडेल: खाली शंभराहून जास्त गाड्या, वर पाचशे माणसं. पायी जाणाऱ्यांनाही तिकीट मिळतं. जहाज भलंमोठं, त्यामुळे लाँचसारखं हेलकावत नाही. आत एसीत बसा नाहीतर उघड्या डेकवर उभे राहा, चहा-वडापाव मिळतो, स्वच्छतागृह आहे. ही शेवटची गोष्ट आई-वडिलांना घेऊन निघालेल्या माणसाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि लाँचवर तिची आशा धरू नये.

जाताना डेकच्या उजव्या बाजूला थांबा. जुन्या गोद्या, क्रेन, नौदलाचा पट्टा, मग लांबून गेटवे आणि ताज, अशी सगळी मुंबई एकामागोमाग सरकत जाते. मागे, हवा स्वच्छ असली तर, 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू क्षितिजावर रेघ ओढल्यासारखा दिसतो. साधारण तासाभरात मांडवा. तिथे जेट्टीवरच जेवायची सोय आहे. अलिबागला जायचं नसेल तर जेवून पुढच्या फेरीने परत या. लेणी नाहीत, गाइड नाही, आणि तिकीट लाँचपेक्षा महाग. फेऱ्यांच्या वेळा आधी बघून ऑनलाइन बुक करूनच निघा, शनिवार-रविवारी आयत्या वेळी जागा मिळेलच असं नाही.

कोची

कोचीचं बंदर पुराने घडवलं. 1341 च्या पेरियार नदीच्या पुरात जुनं मुझिरिस बंदर गाळाने भरलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं, असं मानतात. आजचं बंदर मात्र रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरचं. 1920 मध्ये तो आला, तोंडाशी आडवा पसरलेला वाळूचा बांध फोडला, आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभं केलं. बोटीतून त्या बेटावरच्या गोदामांकडे बघताना ही जमीन शंभर वर्षांपूर्वी पाण्याखाली होती हे सांगितल्यावर पोरं पहिल्यांदा खिडकीतून नीट बघतात.

वॉटर मेट्रो एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. कोची शिपयार्डने बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, एसी, शंभर प्रवाशांच्या बोटी. तिकीट 20 ते 40 रुपये. सीताबर्डीला मेट्रो पकडतो तसंच गेटवर तिकीट टेकवायचं आणि आत जायचं. पण खरी करामत धक्क्यात आहे. धक्का तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर तोही वरखाली होतो, त्यामुळे बोटीची फरशी आणि धक्क्याची फरशी कायम एका पातळीत राहते. व्हीलचेअर सरळ आत जाते. गेटवेच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून दोन बोटी ओलांडलेल्या माणसाला हे बघून थोडा रागच येतो.

हायकोर्ट टर्मिनलवरून फोर्ट कोचीची बोट घ्या. डचांनी 1744 मध्ये बांधलेला बोलगट्टीचा वाडा, वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या अवाढव्य क्रेन, आणि शेवटी फोर्ट कोचीची मासेमारीची चिनी जाळी. उतरून चालत सेंट फ्रान्सिस चर्च, जिथे वास्को द गामाला 1524 मध्ये पुरलं होतं (अवशेष पुढे पोर्तुगालला नेले). मट्टनचेरीला ज्यूंचं 1568 चं सिनेगॉग. म्हणजे चाळीस रुपयांत बोट, आणि उतरल्यावर अख्खा दिवस पुरेल असं जुनं शहर.

खोट एकच, पण ती मोठी आहे: काचा बंद. वारा लागत नाही, डेकवर उभं राहता येत नाही, खारा वास येत नाही. इंजिनाचा आवाजही जवळपास नाही. समुद्राचा ‘फील’ हवा असेल तर एर्नाकुलम जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याची साधी बोट घ्या. खिडक्या उघड्या, भाडं अगदी किरकोळ, आणि शेजारी ऑफिसला जाणारी माणसं. मी सुचवेन की जाताना मेट्रो, येताना सरकारी बोट, कारण सुट्टीत संध्याकाळी फोर्ट कोचीहून परतणाऱ्या मेट्रोला लांब रांग लागते. कोचीच्या मरीन ड्राइव्हवर खासगी पर्यटक बोटींचे एजंट गाठतील. मोठ्या आवाजात गाणी लावून तासभर फिरवतात. ग्रुपने गेलात तर मजा, बंदर बघायचं तर गरज नाही.

महिना बघून ठरवा

आपल्याकडच्या लोकांची फसगत इथे होते. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. म्हणून आपण जूनमध्ये फिरायला निघतो. आणि मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत गेटवेच्या प्रवासी बोटी पावसाळ्यामुळे बंद ठेवतात. पैसे मोजून मुंबईला जायचं आणि कमानीखाली उभं राहून लाटा मोजायच्या. यावर कुरकुर करणाऱ्यांनी 17 जुलै 1947 आठवावा: भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वादळात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रो-रो मोठी असल्याने पावसातही चालते, हवामान फारच बिघडलं तर फेरी रद्द होते. कोचीचं पाणी जमिनीच्या कुशीत आहे, त्यामुळे जूनमध्ये तिथली बोटसेवा सहसा सुरू असते, फक्त छत्री लागते आणि बाहेरचं काही दिसण्याची खात्री नसते.

तेव्हा जून असेल तर रो-रो किंवा कोची. दिवाळी ते फेब्रुवारी असेल तर एलिफंटा, आणि सकाळची पहिली-दुसरी बोट, कारण दुपारनंतर वारा वाढतो आणि लाँच जास्त हलते. मळमळ होणाऱ्यांनी खालच्या डेकवर मधोमध बसावं.

सुरक्षेचंही बोलून घेऊ. 18 डिसेंबर 2024 ला एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली, डझनाहून जास्त जीव गेले. लाइफ जॅकेट वरच्या रॅकवर लटकलेलं असेल तर मागून घ्या आणि घाला, फोटो वाईट आला तरी चालेल. बोट खच्चून भरलेली दिसली तर पुढची घ्या. कोचीत मर्यादेपेक्षा जास्त माणसं गेटच आत सोडत नाही, आणि लहान लेकरू बरोबर असलेल्यांसाठी माझ्या हिशेबात ही एक गोष्ट काचेच्या खिडक्यांवर भारी पडते.

कोलकात्याबद्दलही विचारतात, कारण हावड्याच्या गाड्या आपल्या स्टेशनवरून धडाधड जातात. हुगळीवरची हावडा ते बाबूघाट फेरी स्वस्त आहे, पुलाचा देखावा जबरदस्त आहे. पण ती नदी आहे. पोरांना समुद्र कबूल केला असेल तर ते गाडीत बसायच्या आधीच सांगून टाका.