केबल बदलून गायकाचा आवाज मधोमध येत नाही

निवृत्तीच्या पैशांतून मी स्पीकरची चांगली जोडी घेतली. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल १६ बाय ११ फुटांचा. डाव्या स्पीकरपासून दीड फुटावर बाल्कनीचा काचेचा सरकता दरवाजा. उजवीकडे भिंतच नाही, स्वयंपाकघराकडे जायची मोकळी वाट. गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध यायला हवा, तो कायम हातभर डावीकडून यायचा. विलंबित ख्याल ऐकताना हे फार बोचायचं. उजवा कान अधू झाला की काय, अशीही धास्ती मला होती.

ओळखीतून एक ‘ध्वनी सल्लागार’ आले. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, “काका, सगळा दोष केबलचा. आणि खोलीला ट्रीटमेंट हवी.” ३८,५०० रुपये ठरले, रोख, बिलाशिवाय. दोन्ही स्पीकरना नव्या जाडजूड केबल लागल्या, भिंतींवर एक इंची स्पंजचे आठ चौकोन चिकटवले. मी चहा ठेवायला आत गेलो. परत येऊन ऐकलं, तर आवाज खरंच मध्यावर! थोडा पसरट वाटला, तसं बोललो. “केबल रुळायला २०० तास लागतात, तोवर काही ठरवू नका,” असं उत्तर मिळालं. मी पैसे मोजून दिले.

दोन महिन्यांनी भाचा आला. सहज अँपच्या (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या अँप्लिफायरच्या) सेटिंगमध्ये गेला आणि म्हणाला, “मामा, डावा स्पीकर अडीच डेसिबलने कमी कोणी केला?” मी तर त्या मेनूत कधी शिरलोच नव्हतो. त्याने आकडा शून्यावर आणला. नवी केबल, स्पंज, सगळं जागच्या जागी असताना गायक पुन्हा डावीकडे गेला. मग जुन्या केबल जोडून पाहिल्या. काडीचाही फरक नाही.

त्या दिवशी जे कळलं ते आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. केबल दोन्ही बाजूंना एकसारखीच बदलली, मग एका बाजूला झुकलेला आवाज तिने सरळ होईल कसा? अडीच चौरस मिलीमीटर तांब्याच्या तीन मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.०४ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. एवढ्याशा रोधाने कानाला कळेल असं काही होत नाही. पातळ स्पंज फक्त वरचे सूर थोडे शोषतो; खालच्या, १०० हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला तो अडवणार नाही. वर तो काढताना भिंतीचा रंग निघाला, ते वेगळंच.

भाच्याने मेजर टेप लावली. माझ्या खुर्चीपासून डावा स्पीकर २.३१ मीटर, उजवा २.४९. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १८ सेंटिमीटरला अर्धा मिलिसेकंद. एवढा आधी पोचलेला आवाज कान खरा धरतो आणि गाणारा त्या बाजूला सरकतो. त्यात डाव्या स्पीकरचा आवाज काचेवर आपटून परत येत होता, उजव्याचा वाटेने निघून जात होता. डावा स्पीकर बारीक करून सल्लागारांनी दोष फक्त झाकला होता, पसरटपणा त्यातलाच.

आम्ही खुर्ची सरकवून दोन्ही अंतरं समान केली, काचेवर २,६०० रुपयांचा जाड पडदा लावला. आवाज मध्यावर आला, आणि या वेळी रेखीव.

तुमच्याकडे असं होत असेल तर कोणाला बोलावण्याआधी एखादं मोनो ध्वनिमुद्रण लावा. ७८ गतीच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी गाणी उत्तम, दोन्ही स्पीकरांना तोच आवाज जातो. स्पीकरकडे पाठ करून बसा: झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर कान ठीक आहेत. मग अँप बंद करून त्याच्या मागून स्पीकरकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. झुकाव बाजू बदलतो का? तर अँप किंवा त्याच्या आधीचं काही तपासा. तिथेच राहिला तर आधी अंतर मोजा, भिंती बघा, आणि तरीही खटकलं तरच स्पीकरकडे वळा. कोणी घरी येणारच असेल, तर त्याआधी अँपच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा आणि तो काम करत असताना खोलीतून हलू नका.

मी त्या सल्लागारांना फोन केला. “काका, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल,” म्हणाले. त्यानंतर त्यांनी फोन उचललेला नाही. बिल नसल्याने माझ्या हातात दाखवायला कागदही नाही.