जॅकार्डचा नमुना ब्राउझरमध्ये: स्ट्रीमलिट, नाइसजीयूआय की डॅश?

सोलापुरी चादरीचा नमुना मागावर चढण्याआधी पडद्यावर पाहायचा आणि तिथेच दुरुस्त करायचा असेल, तर पायथॉन भाषेत लिहिलेल्या वेब पानातले तयार आलेख पुरत नाहीत. रेषा आणि खांब ते उत्तम काढतात. पण जॅकार्डचा नमुना म्हणजे बारीक चौकटींचा कागद असतो आणि त्यातली प्रत्येक चौकट एवढेच सांगते, की या आडव्या धाग्याच्या वेळी उभे धागे उचलणारा हा हुक उचलायचा की नाही. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पत्त्यांतून हेच सांगितले होते, म्हणजे शून्य आणि एक मागाला संगणकाच्या कितीतरी आधीपासून कळत होते. हा कागद ब्राउझरमध्ये मोठा करून पाहायला आणि बोट टेकवून त्यातली चौकट पालटायला स्वतःचा चित्रघटक लिहावा लागतो. अक्कलकोट रस्त्यावरील एका यंत्रमाग कारखान्यासाठी मी तो आधी स्ट्रीमलिटमध्ये आणि नंतर नाइसजीयूआयमध्ये बसवला. ही दोन्ही आणि डॅश म्हणजे पायथॉनमधूनच वेब पान उभे करणारी फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडे. ज्यांना यांतून निवड करायची आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

नमुना फक्त दाखवायचा असेल, तर मात्र यातले काहीच करू नये. पायथॉनकडून पीएनजी चित्र तयार करून पानावर ठेवावे. नक्षी पुन्हा पुन्हा येत असल्याने ते चित्र आकाराने लहानच राहते. स्वतःच्या घटकाची गरज बोट लावायची वेळ आली की सुरू होते.

कोणतेही फ्रेमवर्क घेतले तरी पहिला प्रश्न चौकटी ब्राउझरपर्यंत कशा न्यायच्या हा असतो. ४८० हुक आणि १२०० आडवे धागे धरले, तर ५,७६,००० चौकटी होतात. त्या जेसनच्या, म्हणजे साध्या मजकुरातल्या, यादीत घातल्या, तर अंक आणि स्वल्पविराम मिळून साडेअकरा लाखांवर अक्षरे होतात. त्याच चौकटी नमपाय या पायथॉनच्या गणिती संचातल्या पॅकबिट्सने आठ-आठच्या गठ्ठ्यांत बांधल्या, तर ७२,००० बाइट आणि ते मजकूर म्हणून पाठवायच्या बेस-६४ रीतीत ९६,००० अक्षरे पुरतात. ब्राउझरमध्ये हे गठ्ठे उलगडून कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या जागेवर, एका चौकटीला एक ठिपका काढावा आणि मोठे करण्याचे काम पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसवर सोपवावे. तिथे चित्र ठिपकेदारच ठेवण्याची सूचना दिली नाही, तर कडा पुसट होतात. ठिपका चौरस ठेवू नये, हेही इथेच सांगायला हवे. इंचातले ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे संख्येने सारखे नसतात. बाणा विरळ असताना चौकट उभट काढावी लागते, नाहीतर पडद्यावरचा मोर बसका दिसतो आणि नक्षीकाराचा त्या पानावरचा विश्वास पहिल्याच दिवशी उडतो.

स्ट्रीमलिटमध्ये पान उभे करणे सर्वांत सोपे आहे, परंतु वापरणाऱ्याने काहीही दाबले की सगळी पायथॉन फाइल वरपासून खालपर्यंत पुन्हा चालते, ही त्याची मूळ रीत आहे. जुन्या पद्धतीचा स्वतःचा घटक आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या वेगळ्या खिडकीत, राहतो आणि पायथॉनशी निरोपांनीच बोलतो. त्या आयफ्रेमची उंची सुरुवातीला शून्य असते. उंची कळवणारी ओळ घटकात लिहायची राहिली, तर चित्र काढले जाते पण दिसत नाही, आणि यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. घटकाला ‘की’, म्हणजे कायमचे ओळखनाव, दिले नाही आणि त्याला पाठवलेली माहिती बदलली, तर तो घटक नव्याने बसवला जातो; म्हणजे नक्षीकार मोठा करून पाहत असलेला कोपरा निसटतो आणि तो पुन्हा पहिल्या धाग्यावर येतो. त्यामुळे प्रत्येक चौकटीला निरोप न पाठवता बदल ब्राउझरमध्येच साठवून ‘जतन करा’ दाबल्यावर एकदम पाठवणे, हाच स्ट्रीमलिटमधला शहाणा मार्ग आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत आयफ्रेमशिवाय घटक लिहिण्याची सोय आली आहे आणि नवे काम तिथूनच सुरू करावे. फाइल पुन्हा चालण्याची रीत तीच असली, तरी पानाचा एखादाच भाग चालवण्याची सोयही आता आहे.

नाइसजीयूआयचा स्वभाव उलटा आहे. ते फास्टएपीआय या पायथॉनच्या सर्व्हर-फ्रेमवर्कवर उभे आहे, समोरची बाजू व्ह्यू आणि क्वेझार या जावास्क्रिप्टच्या संचांची आहे, आणि ब्राउझर व पायथॉन यांच्यात वेबसॉकेट, म्हणजे दुतर्फा जोडणी, सतत उघडी असते. स्वतःचा घटक म्हणजे एक जावास्क्रिप्ट फाइल आणि तिच्याकडे बोट दाखवणारा एक पायथॉन क्लास. जावास्क्रिप्टची पॅकेजे आणणाऱ्या एनपीएमची बांधणी नको, वेगळा प्रकल्प नको. चौकट पालटली की तेवढाच निरोप पायथॉनकडे जातो, पायथॉन ‘हा धागा सलग फार लांब तरंगतो आहे’, म्हणजे विणीत न अडकता सुटा राहतो आहे, हे तपासून तेवढीच ओळ लाल करायला सांगते, आणि बाकीचे चित्र जागचे हलत नाही. संपादनाच्या कामाला मला हेच पटले. त्याची किंमतही आहे: वीज किंवा जोडणी गेली आणि ठरलेल्या काही सेकंदांत ती परत आली नाही, तर त्या पानाची सर्व्हरवरची स्थिती जाते, म्हणून प्रत्येक बदल लगेच फाइलीत उतरवावा लागतो. शिवाय एकच प्रक्रिया सगळ्यांना सांभाळत असल्याने जड हिशेब वेगळ्या प्रक्रियेकडे दिला नाही, तर एकाच्या कामासाठी बाकी सगळे थांबतात.

डॅश रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या संचावर चालते. त्यात रीतसर घटक लिहायचा म्हणजे नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन), बांधणी आणि त्यातून तयार होणारे पायथॉनचे क्लास असा सगळा पसारा येतो, आणि दोन माणसांच्या कारखान्याला तो झेपत नाही. पण त्यात एक आडवाट आहे: साधा कॅनव्हास ठेवून, ॲसेट्स फोल्डरमधल्या जावास्क्रिप्टला क्लायंटसाइड कॉलबॅकमधून, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणाऱ्या प्रतिसादातून, बोलवता येते, आणि तो निरोप सर्व्हरकडे जातच नाही. डॅशचे कॉलबॅक स्थिती धरून ठेवत नाहीत, म्हणून अनेक प्रक्रिया लावून पुष्कळ ग्राहकांना एकाच वेळी नमुने दाखवायचे असतील, तर तिघांत तेच निवांत चालते.

ग्रेडिओ या आणखी एका पायथॉन फ्रेमवर्कचेही नाव अनेक जण घेतात. त्यात स्वतःचा घटक स्वेल्ट या जावास्क्रिप्टच्या साधनात लिहिता येतो, पण त्याची सगळी मांडणी एआय मॉडेलला काही देऊन उत्तर पाहण्यासाठी आहे; चौकट-चौकट दुरुस्तीला ते ओढूनताणून वापरल्यासारखे होते.

आज त्या कारखान्यात दोन पाने आहेत: व्यापाऱ्यांना रंगांच्या जोड्या दाखवणारे स्ट्रीमलिटचे आणि नक्षीकाराचे नाइसजीयूआयचे. कॅनव्हासवर काढणारी जावास्क्रिप्ट दोन्हीकडे तीच आहे, कारण गठ्ठा आत घेणे आणि पालटलेली चौकट बाहेर सांगणे यापलीकडे तिला कोणत्याच फ्रेमवर्कची ओळख ठेवलेली नाही. निवड करणाऱ्याने आधी ही फाइल लिहावी, मग आपल्याकडचा सर्वांत लांब नमुना तिच्यात घालून, कारखान्यातल्याच जोडणीवर, कार्यालयातल्या सर्वांत जुन्या फोनवरून शेवटच्या धाग्याची शेवटची चौकट पालटून पाहावी.