फुकट डोमेन देणाऱ्या होस्टिंगवाल्याने माझी साईट अडकवून ठेवली

नवीन वेबसाईट काढणाऱ्यांनो, पैसे भरायच्या आधी हे वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण ही पद्धत दुसऱ्या नावानेही तुमच्यासमोर येऊ शकते.

होस्टिंगच्या, म्हणजे साईट ठेवायला भाड्याने जागा घ्यायच्या प्लॅनमध्ये अनलिमिटेड स्पेस, अनलिमिटेड बँडविड्थ, रोजचा बॅकअप, आणि वर एक वर्ष डोमेन (साईटचा पत्ता) फुकट. पहिलं वर्ष काहीच त्रास नाही. मग रिन्यूअलचं बिल आलं ते आधीच्या कितीतरी पट, विचारलं तर म्हणे पहिला रेट ऑफरचा होता, टर्म्समध्ये लिहिलंय. म्हटलं ठीक आहे, आपण दुसरीकडे जाऊ, तर जाऊच देईनात.

डोमेन हलवायला ऑथ कोड लागतो, काही जण त्याला ईपीपी कोड म्हणतात. मी मागितला तर आधी उत्तर नाही, मग तिकीट परस्पर बंद, मग सांगितलं की आधी पुढच्या वर्षाचं रिन्यूअल भरा मग कोड देतो. हे सरळसरळ चुकीचं आहे. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा डोमेनसाठी आयकॅनचा (डोमेनचे जागतिक नियम ठरवणारी संस्था) नियम आहे की मागितल्यापासून 5 दिवसांत रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने, कोड द्यायचा, आणि पुढच्या वर्षाचे पैसे भरले नाहीत या कारणावरून ट्रान्सफर अडवता येत नाही. (देशांच्या डोमेनला, म्हणजे डॉट इन वगैरेंना, त्यांचे वेगळे नियम असतात.) मी हा नियम लिहून पाठवला, त्यावर उत्तर काय आलं, तर डोमेन तुमचं नाहीच, आमचं आहे.

आणि कागदोपत्री ते खरं निघालं! रजिस्ट्रंट (ज्याच्या नावावर डोमेन असतं तो) म्हणून त्यांनी स्वतःचं नाव आणि स्वतःचा ईमेल टाकला होता. बिल माझ्या नावाने, साईट माझी, मेहनत माझी, आणि मालक ते. याचा मला आजही संताप येतो, कारण पैसे घेताना हे कुणी सांगत नाही.

त्याच आठवड्यात साईट सस्पेंड. कारण दिलं आयनोड लिमिट. म्हणजे जागा अनलिमिटेड पण फाईलींची संख्या मोजायची, आणि प्रत्येक फोटो, प्रत्येक साठलेला ईमेल ही एकेक फाईल. वर्डप्रेस तर एका फोटोच्याच चार-पाच साईझ बनवतं, त्यामुळे आकडा कधी फुगतो कळत पण नाही. बॅकअप मागितला तर उत्तर मिळालं, लिमिटच्या वर गेलेल्या अकाउंटचा बॅकअप आम्ही घेत नाही. माझा ईमेलही त्याच डोमेनवर होता, तोही बंद, त्यामुळे दुसऱ्या कंपनीकडे काही करायचं तर व्हेरिफिकेशनचा मेलच मिळेना.

मार्ग निघाला तो रजिस्ट्रारकडून. आमचा होस्टिंगवाला नुसता रिसेलर, म्हणजे दुसऱ्याची डोमेन विकणारा, होता, मूळ रजिस्ट्रार वेगळीच कंपनी. आयकॅनच्या लुकअपवर डोमेन टाकलं की रजिस्ट्रारचं नाव दिसतं, मी त्यांना सगळ्या पावत्या, तिकिटांचे स्क्रीनशॉट आणि साईटची जुनी पानं पाठवली, बरेच दिवस पत्रव्यवहार चालला आणि शेवटी रजिस्ट्रंट म्हणून माझं नाव लागलं. पण नाव बदललं की डोमेनला 60 दिवसांचं लॉक लागू शकतं, ते लागलंच, तेवढे दिवस थांबावं लागलं. डोमेन आलं, जुने लेख मात्र बरेचसे गेले.

म्हणून डोमेन वेगळ्या ठिकाणी घ्या, होस्टिंग वेगळ्या ठिकाणी. मग होस्टिंगवाला कितीही वाईट निघाला तरी नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या होस्टिंगकडे न्यायचं ते सांगणारी सेटिंग) बदलून बाहेर पडता येतं. घेतलं की लगेच रजिस्ट्रंटमध्ये कुणाचं नाव, कुणाचा ईमेल आहे ते बघा, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. रिन्यूअलचा रेट आणि आयनोड लिमिट पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. एसएसएलचे (साईट https वर सुरक्षित चालवणारं सर्टिफिकेट) वेगळे पैसे मागत असतील तर तिथेच सावध व्हा, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट असतं. आणि रिव्ह्यूवर जाऊ नका, टॉप टेनच्या कितीतरी याद्यांमधल्या लिंकांवर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं.

ज्यांचं आत्ता असं अडकलंय त्यांनी सोडतोय हे अजून सांगू नका. आधी सीपॅनेलमधून (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) फाईली आणि डेटाबेस दोन्ही आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, ते उघडतात का बघा, आणि मगच ऑथ कोड मागा, तोही फोनवर नाही, लेखी.