समर्थ मंदिराचा चढ आणि माझी ई-सायकल

घर समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला, नोकरी एमआयडीसीत. सातारा माहीत असणाऱ्यांना एवढ्यावरच कळेल: सकाळी बहुतेक उतार आणि संध्याकाळी, अंगातलं त्राण संपल्यावर, चढ. साध्या सायकलवर पोवई नाका ते राजवाडा आणि तिथून पुढं घर, हे रोजचं जमण्यातलं नव्हतं. स्कूटर घरात आहे, पण ती ह्यांना लागते. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ई-सायकल घेतली. आता तिन्ही ऋतू पाहून झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पस्तीस हजारांच्या आसपासच्या बऱ्याच सायकलींची आतली मांडणी सारखीच असते: मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर, ३६ व्होल्ट ७.५ ॲम्पिअर-अवरची काढता येणारी बॅटरी, सात गिअर, दोन्हीकडं डिस्क ब्रेक, पेडल असिस्ट (पाय मारताना मोटरची साथ) आणि पाय न मारताही मोटर चालवणारा, अंगठ्यानं दाबायचा थ्रॉटल. मोटर या मर्यादेतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की लायसन्स आणि नंबर प्लेट लागत नाही. डिस्प्लेतलं सेटिंग बदलून वेग वाढवून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, वेग वाढला की ती कायद्यानं मोटर वाहन ठरते.

दुकानात पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, "एका चार्जला किती जाते?" उत्तर येतं, "पन्नास." ते सपाटीचं उत्तर असतं. सांगलीच्या माझ्या मावसबहिणीकडं हीच सायकल आहे. विश्रामबागहून मिरजेला जाऊन-येऊन तिला एका चार्जमध्ये चाळीसच्या पुढं सहज मिळतात. मला त्याच्या निम्म्यापेक्षा थोडे जास्त. बॅटरीत काही खोट नाही, हिशोब साधा आहे. ३६ गुणिले ७.५ म्हणजे २७० वॅट-तास, एवढीच आपली शिदोरी. मी, सायकल, डबा आणि पर्स मिळून नव्वद किलो धरा. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला निव्वळ गुरुत्वाकर्षणापोटीच २५ वॅट-तास जातात, मोटरमध्ये उष्णता होऊन वाया जातात ते धरले तर पस्तीसेक. सपाटीवर पायाची साथ असेल तर किलोमीटरला सहा-सात वॅट-तास लागतात. म्हणजे शंभर मीटरचा चढ सपाटीवरच्या पाच-सहा किलोमीटरला भारी पडतो. साताऱ्यात, कराडच्या आगाशिव बाजूला किंवा वाईहून पाचगणीकडं चालवणार असाल तर किलोमीटरऐवजी आपल्या रस्त्याची चढण मोजा. फोनवरच्या नकाशात ती दिसते.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. बॅटरी अर्ध्याखाली आली की चढावर मोटरचा जोर कमी होतो. राजवाड्याजवळ तीन काड्या दाखवणारा डिस्प्ले चढ लागताच एकीवर येतो आणि सपाट आलं की पुन्हा दोन. जोर लावला की व्होल्टेज खाली बसतं, म्हणून असं होतं. सकाळी फुल्ल चार्ज घेऊन निघते तेव्हा मला मोटर लागतच नाही, आणि लागते तेव्हा बॅटरी उतरलेली. त्यामुळं मी जाताना असिस्ट बंद ठेवते, उतारानं तशीच जाते. "उतारावर चार्ज होत असेल की!" असं ऑफिसात निम्म्या लोकांनी ऐकवलंय. होत नाही. या हब मोटरच्या पोटात तिचे स्वतःचे गिअर असतात आणि एकाच दिशेनं ओढणारं फ्रीव्हील असतं, उतारावर चाक मोटरला फिरवतच नाही.

ट्रायल घेताना म्हणूनच दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर समाधान मानू नका. चढाच्या मध्यावर थांबा, पाय टेका आणि बसल्या जागेवरून निघून बघा. स्वस्त सायकलीत पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. पेडलला अर्धा फेरा बसल्याशिवाय मोटर जागी होत नाही आणि त्या अर्ध्या फेऱ्यात सायकल मागं सरकते. तिथं थ्रॉटल कामाला येतो. पायाचा जोर ओळखणारा टॉर्क सेन्सर असेल तर हा त्रास नाही, पण पैसे वाढतात. आणि गिअर खालचा टाका. मोटर मागच्या चाकात असल्यानं गिअरचा तिला थेट उपयोग नाही, पण पाय भराभर फिरले की चाकाचा वेग टिकतो. फार हळू चढलं की हब मोटर नुसती तापते.

आता पंक्चर, कारण खरी परीक्षा इथंच. मागचं चाक पंक्चर झालं तेव्हा जवळच्या सायकलवाल्या काकांनी मोटरकडं बघितलं आणि हात वर केले. "ताई, वायरीचं काम आपलं न्हाई. कंपनीत न्या." कंपनीत म्हणजे कुठं? विकणाऱ्या दुकानात गेले तर मेकॅनिक आठवड्यातून दोनदाच येतो म्हणे, आणि विकताना हे बोलायचं कुणाला सुचलं नव्हतं. शेवटी काकांनाच मी सांगितलं, की चाक काढूच नका. सायकल आडवी करून टायरची एक बाजू उचकटली, ट्यूब तेवढी बाहेर ओढली, पाण्यात बुडवून भोक शोधलं, ठिगळ लावलं. काम फत्ते. ट्यूबच बदलायची असेल तर मात्र चाक काढावं लागतं. त्याला १८ नंबरचा पाना लागतो, मोटरच्या वायरचा जोड सोडवावा लागतो, आणि ॲक्सलवरचे वायसर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं परत बसवावे लागतात. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घेऊन ठेवा. काका आता माझी सायकल बिनधास्त घेतात, वर बाकीच्या गिऱ्हाइकांना त्यातलं ज्ञान देतात.

ब्रेक पॅड साध्या सायकलपेक्षा लवकर झिजतात. बावीस किलोची सायकल आणि रोजचा उतार, दुसरं काय होणार. बदलताना ब्रेकचा लिव्हर बदलू देऊ नका. त्यात मोटर बंद करणारा स्विच असतो आणि साधा लिव्हर बसवला तर ब्रेक दाबूनही मोटर ओढत राहते.

पावसात धाकधूक होती, पण निभावलं. चार्जिंगच्या छिद्राचं रबरी झाकण नीट बसलंय ना ते बघायचं, आणि मोटरकडं जाणारी वायर ॲक्सलच्या खाली लोंबती ठेवायची, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न जाता खाली ठिबकतं. धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्यानं धुवायची नाही. भिजून आल्यावर लगेच चार्जिंगला लावायची नाही. डिस्प्लेच्या काचेत वाफ धरली होती, दोन उन्हात गेली.

बॅटरी काढता येणारी हवीच. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, सायकल खाली आणि बॅटरी घरात. दोन ॲम्पिअरच्या चार्जरनं चार तास लागतात, वीज पाव युनिटहून थोडी जास्त. युनिटला दहा रुपये धरले तरी तीन-साडेतीन रुपयांत काम होतं. आमचे सासरे, मामा, अजून म्हणतात, "एवढ्यात जुनी स्प्लेंडर आली असती." आली असती. पण नवी बॅटरी सायकलच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात पडते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

यवतेश्वरला एका रविवारी नेली. हिल मॅरेथॉनवाले जो घाट पळत चढतात तो मी बसून चढले, अर्थात पाय चालवत. नुसत्या थ्रॉटलवर हा घाट काढायचा विचार असेल तर ही सायकल घेऊ नका, मोठी बॅटरी किंवा पेडलजवळ मोटर असलेली मिड ड्राइव्ह बघा, नाहीतर सरळ ई-स्कूटर. ज्यांना जिन्यावरून सायकल उचलून न्यावी लागते त्यांनीही विचार करावा.

ही घेणारच असाल तर बिलावर बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची आणि मोटरची किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. चार्जर वॉरंटीत आहे का तेही विचारा. आणि मागच्या चाकाच्या मापाची एक जादा ट्यूब त्याच दिवशी घेऊन ठेवा, ऐन वेळी गावात त्या मापाची मिळेलच असं नाही.